शेंदराखालचं पदक

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीला मध्यंतरी देशभक्तीचा झटका आला. गाव तीर्थपुरीच्या अलीकडे, बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर. शाळेच्या फाटकासमोरून गटारीचं पाणी वाहतं आणि पोरं दप्तर सावरत त्यावरून उड्या मारून आत जातात. तिथे एक फरशी टाकावी हे कुणाला सुचलं नव्हतं. पण त्याच फाटकाशेजारी काळ्या ग्रॅनाइटचा फलक उभारायचा आणि त्यावर गावच्या माजी सैनिकांची नावं, हुद्दे आणि पदकं कोरायची, असा ठराव एकमताने पास झाला. उद्घाटन सव्वीस जानेवारीला. माजी सैनिक गावात तीन. एक वारलेले. दुसरे जालन्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात. तिसरे आमचे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ऐंशीच्या जवळ, डावा पाय ओढत चालतात आणि बोलतात कमी.

ग्रामसेवक यादी करायला घरी आला. फौज सोडताना जवानाला एक छोटं पुस्तक मिळतं, डिस्चार्ज बुक. भरती कधी झाली, नोकरी किती केली, पदकं कोणती मिळाली, सगळं त्यात असतं. अण्णांच्या बुकात दोन पदकांची नोंद होती. दोन्ही त्या वर्षांत नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालेली. ग्रामसेवकाने ती उतरवून घेतली. अण्णा म्हणाले, अजून एक आहे, जखमेचं. ग्रामसेवकाने बुक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, बाबा, पुरावा द्या, लगेच टाकतो.

अण्णांनी मला जालन्याला फोन केला. फोनवर ते हवापाण्याचं बोलत नाहीत. म्हणाले, "माझ्या बुकात एक नोंद राह्यली. ती करून घे. तुझं कामच ते व्हतं ना?"

होतंच. एकतीस वर्षं मी तहसील कचेरीत काढली, त्यातली निम्मी रेकॉर्ड रूममध्ये. सातबाऱ्यावर मेलेल्या बापाचं नाव तसंच राहिलंय, बहिणीचं नाव सुटलंय, विहीर शेजाऱ्याच्या गटात दाखवलीय, अशा दुरुस्त्या घेऊन लोक यायचे आणि मी त्यांना सांगायचो, पुरावा आणा. ते म्हणायचे, साहेब, अख्ख्या गावाला माहीत आहे. मी म्हणायचो, गावाला माहीत असून काय उपयोग, कागदाला माहीत पाहिजे. हे वाक्य माझं मलाच फार आवडायचं. नव्या कारकुनांना मी ते मुद्दाम ऐकवायचो. त्यातले दोघे अजून वापरतात म्हणे.

आता अण्णांच्या पायाबद्दल गावाला काय माहीत होतं ते सांगतो. गावाला माहीत होतं की हा माणूस बाभळीवरून पडला.

आमचं घर मूळचं मेंढरांचं. आजोबांच्या काळात कळप होता, अण्णांच्या वेळेपर्यंत शेळ्या आणि थोडी जमीन उरली. एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा अण्णांच्या डाव्या पोटरीत घुसला. लष्करी दवाखान्यातून सुटल्यावर त्यांना रजा मिळाली. रजेवर आलेला हा फौजी तिसऱ्याच दिवशी लांब काठी घेऊन बाभळीवर चढला, कारण शेळ्यांना शेंगा पाडायच्या होत्या. जखम पुरती भरली नव्हती. फांदीवर जोर दिल्याबरोबर पाय दुमडला आणि अण्णा खाली आले. ते पडताना विहिरीवरच्या बायांनी पाहिलं. बाजेवर घालून घरी आणताना अर्ध्या गावाने पाहिलं. लढाई मात्र कुणी पाहिली नव्हती. तेव्हापासून त्यांचं नावच पडलं, बाभळीचा फौजी. पोटरीवरचा खड्डा दाखवला तरी लोक म्हणायचे, फांदीचा खुंट घुसला असंल.

आणि हेच लोक पंधरा ऑगस्टला अण्णांना पहिल्या रांगेत बसवतात. सीमेवर जवान जागा आहे म्हणून आपण सुखाने झोपतो, असं सांगणारं तासाभराचं भाषण उन्हात ऐकवतात आणि शेवटी एक शाल घालतात. अशा अकरा शाली आमच्या घरात आहेत. इतक्या पातळ की आई हयात असताना त्यातून ताक गाळायची. झेंडावंदन आटोपलं की पारावर परत तेच, बाभळीचा फौजी. सकाळी वीर आणि दुपारी विदूषक, हे गावाला कसं जमतं कोण जाणे.

अण्णांनी उरलेली नोकरी स्टोअरमध्ये, बूट आणि कांबळी सांभाळत पुरी केली आणि पेन्शन घेऊन घरी आले. त्यानंतर दोनेक वर्षांनी पोस्टाने एक रजिस्टर पार्सल आलं. मी तेव्हा शिकायला बाहेरगावी होतो, हे सगळं मागाहून ऐकलेलं. आत खोक्यात ते पदक होतं आणि इंग्रजीत टाइप केलेलं पत्र. पत्र वाचायला शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. गुरुजींचं इंग्रजी पहिल्या ओळीपुरतं होतं. लढाईत जखमी झाल्याबद्दल पदक, अभिनंदन, एवढं सांगून ते चहा पिऊन गेले. पुढच्या ओळीत डिस्चार्ज बुक नोंदीसाठी परत पाठवा असं लिहिलं होतं, ते महिनाभराने तीर्थपुरीच्या पोस्टमास्तरांनी वाचून सांगितलं. पण आमच्या भागात घरोघरी एक कायदा आहे आणि तो सरकारच्या कुठल्याही कायद्यापेक्षा पक्का आहे: मूळ कागद हातचा सोडायचा नाही. निजामाच्या अमदानीपासून या मातीतल्या माणसाने कागद दिला की तो गेला, एवढंच पाहिलंय. माझ्या चुलत्याने ठणकावून सांगितलं, बुक पोस्टात टाकलंस तर पेन्शन कशावर घेशील? बुक ट्रंकेतच राहिलं. पत्र पुढे उंदरांनी खाल्लं.

राहिलं पदक. अण्णांच्या आईने लढाई चालू असताना गावाबाहेरच्या देवीला नवस बोलला होता की पोरगं दोन्ही पायांवर घरी येऊ दे, चांदीचा पाय वाहीन. या देवीला मूर्ती नाही, शेंदूर फासलेला तांदळा आहे, म्हणजे पुरुषभर उंचीचा दगड. लोक तिला चांदीचे डोळे, पाय, पाळणे वाहतात. म्हातारीचं सोनाराकडे जायचं राहून गेलं होतं आणि नवस तिच्या मनाला टोचत होता. चांदीचं पदक हातात पडल्यावर तिने हिशोब केला: पायासाठीच मिळालंय, चांदीचंच आहे, मग हा पायच की. अण्णा शेतात असताना ती गेली आणि पदक त्याच्या फितीसकट देवीच्या गळ्यात बांधून आली. अण्णा संध्याकाळी आले तेव्हा ती निवांत बसून तांदूळ निवडत होती. त्यांनी रिकामं खोकं ट्रंकेत ठेवून दिलं. पुढची चाळीसेक वर्षं दर मंगळवारी देवीला तेलात कालवलेला शेंदूर लागत राहिला आणि पदक त्याखाली गडप झालं. बाहेरून दिसायचा तो फक्त एक गोल उंचवटा.

मी मनात म्हटलं, पंधरा दिवसांचं काम. अर्ज असा लिहिला की वाचणाऱ्याने उभं राहून सलाम ठोकावा. विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं, शपथपत्र, सगळं जिथल्या तिथे. माजी सैनिकांची कामं जिथे होतात त्या कार्यालयात गेलो, तर खिडकीत माझ्या मुलाच्या वयाचा कारकून. त्याने अर्ज हातात न घेता नुसता नजरेखालून घातला आणि म्हणाला, पुरावा आणा. माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. तेही माझ्यासारखा रुबाब न ठेवता, मोबाइलवर बोट फिरवत म्हटलेलं. मी त्याला सांगितलं, मी तुमच्यासारखाच खिडकीमागे बसत होतो. तो म्हणाला, मग तुम्हाला माहीतच असेल.

अर्ज पुढे फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला आणि दीड महिन्याने उत्तर आलं. सदर पदकाची नोंद इकडे आढळत नाही. पदक ताब्यात असल्यास त्याच्या कडेचा स्पष्ट फोटो आणि मूळ डिस्चार्ज बुक पाठवावं. कडेचा का, ते मला अण्णांनी सांगितलं. पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. म्हणजे पुरावा होता. फक्त तो देवीच्या छातीवर, बोटभर शेंदराच्या आत होता.

मी गावी गेलो आणि देवीच्या गुरवाला भेटलो. गुरव भला माणूस. म्हणाला, तेवढ्या जागेवरचा शेंदूर खरवडायला माझी ना नाही, पण गावाला विचारा. गाव म्हणजे तेच, फलकाचा ठराव करणारं. देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. मी उभा राहून सगळं सांगितलं. सरपंचांनी मान डोलावत ऐकून घेतलं. पंधरा ऑगस्टच्या भाषणात जवानांची नावं घेताना यांचे डोळे भरून येतात, मी स्वतः पाहिलंय.

"भाऊ, फौजींबद्दल आम्हाला लई आदर हाय," सरपंच म्हणाले. "पण देवीच्या अंगाला हत्यार लावायचं न्हाई. उद्या पाऊस न्हाई पडला तर जिम्मेदार कोण?"

पाऊस न पडायला कारणं काही कमी नाहीत, पण त्या यादीत आता आमचे अण्णाही बसले. कुणीतरी मागून म्हणालं, पदक खरंच हाय का तिथं? त्यावर दोघे-तिघे हसले. बैठक संपताना सरपंचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, नोंद राहू द्या, उद्घाटनाच्या दिवशी आपण अण्णांचा जंगी सत्कार करू. म्हणजे बारावी शाल.

घरी आलो तर अण्णा गावाच्याच बाजूचे निघाले.

"दिलेलं परत मागायचं न्हाई."

मी म्हटलं, अण्णा, परत कोण मागतंय, नुसता नंबर वाचायचाय.

"वाचायला खरवडावं लागंन. माझ्या आईनं बांधलंय ते. त्याला ब्लेड लावायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

मग नोंद कशी करू, असं मी विचारलं. ते तू बघ, म्हणाले आणि शेळ्यांकडे गेले.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात जे आलं ते आता लिहून टाकतो. रेकॉर्ड रूममध्ये मी अशी माणसं ढिगाने पाहिली होती. कागद आहे, कागद आहे म्हणून शपथा घ्यायची, आणि जुन्या कागदांचा बस्ता खरोखर खाली काढायला घेतला की म्हणायची, जाऊ द्या साहेब, कशाला त्रास. का जाऊ द्या ते मला पाठ होतं. मला वाटलं, अण्णा घाबरलेत. पार्सल काय नि पत्र काय, मी स्वतः काहीच पाहिलं नव्हतं; शेंदराखाली जखमेचं पदक नसणारच. असेल तर कुठलं तरी साधं, सगळ्यांना मिळतं तसं, आणि म्हातारपणी त्यांनी स्वतःलाच तिसरं पदक देऊन टाकलंय. बाभळीची गोष्ट मला जास्त पटत होती. तिला साक्षीदार होते.

घरी गेल्यावर हे मी बायकोला बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती. 

"तुम्ही बापालाही खिडकीसमोर रांगेत उभं केलं असतं," ती म्हणाली.

मी चिडलो. ती चिडली नाही. भाकरी तव्यावर टाकून तिने सांगितलं की शेंदूर तेलात कालवतात, तर तो तेलानेच सुटेल. गॅसच्या ओट्यावर वर्षानुवर्षं धरलेला चिकटा ती कोमट तेल लावून दोन दिवस ठेवते, मग तो नुसत्या फडक्याने निघतो. देवीला तेल घालायला कुणाची परवानगी लागते का? ब्लेड नको आणि बैठकही नको. एकतीस वर्षं फायली हलवून मला जे सुचलं नाही ते तिला पीठ मळलेल्या हाताने सुचलं. याचं श्रेय मी त्या वेळी तिला दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन मी गावी मुक्कामाला गेलो. रोज सकाळी अंघोळ करून, कोमट तिळाचं तेल कासंडीत घेऊन, अनवाणी देवीला जायला लागलो. त्या उंचवट्यावर हळूहळू धार धरायची आणि वर तेलात बुडवलेल्या कापसाचा थर लावून ठेवायचा. गुरवाला सगळं कळत होतं, पण तेल घालणाऱ्या भक्ताला अडवावं असं कुठे लिहिलंय? उलट गावात माझी कीर्ती पसरली. साहेब रिटायर झाले आणि देवधर्माला लागले. ज्यांना मी कधीकाळी फेरफारासाठी पाच-पाच खेपा घालायला लावल्या होत्या तेही हात जोडायला लागले. सरपंचांनी पारावर माझं उदाहरण दिलं. नोकरीत असताना मला एवढा मान कधी मिळाला नव्हता, आणि मिळाला तो पहिल्यांदाच लबाडी करताना.

अण्णा रोज माझ्यामागून पाय ओढत यायचे आणि पायरीवर बसायचे. मी काय करतोय ते त्यांना दिसत होतं. ते विचारत नव्हते, मी सांगत नव्हतो. फक्त एकदा म्हणाले, "तेल लई ऊन नगं करू." त्यावरून मी धरून चाललो की ब्लेड नाही, तर त्यांची हरकत नाही.

सहाव्या दिवशी कापूस उचलला आणि त्याबरोबर शेंदराचा ताटाएवढा पापुद्रा सुटून खाली पडला. गुरव धावत आला, त्याने तो पापुद्रा पाहिला, वर देवीकडे पाहिलं, आणि एका क्षणात अशी आरोळी ठोकली की मी थक्क झालो. देवीनं कवच टाकलं! जुन्या देवस्थानांत शेंदराचे थर साचून कधीतरी आपोआप निखळतात आणि तो मोठा शुभशकुन मानतात. तासाभरात सगळं गाव लोटलं. बाया ओटीचं सामान घेऊन आल्या, नारळ फुटले, हलगी आली. सरपंच आले आणि त्यांनी महाआरती जाहीर केली. देवीच्या अंगाला हात लावाल तर पाऊस जाईल म्हणणारे आता शेंदराचा चुरा कागदात बांधून घरी नेत होते, आणि यंदा पाऊस हमखास चांगला म्हणत होते. सहा दिवस तेल कोण ओतत होतं ते सगळ्यांना माहीत होतं. सोयीचं नसलेलं माहीत असणं टाळण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

त्या गर्दीत देवीच्या गळ्याशी काय उघडं पडलंय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. फीत कुजून गेली होती. पदक काळपट पडलं होतं, पण मागच्या शेंदरात चिकटून शाबूत होतं. मी ते तेलाच्या फडक्याने पुसलं, हातात न घेता तिथल्या तिथे जरा फिरवलं, आणि खिशातलं भिंग काढून कड वाचली. नंबर. हुद्दा. नाव. अण्णांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. नंबर मी बुकावरून चिठ्ठीवर लिहून आणला होता. एकेक आकडा लावून पाहिला. सगळे जुळले. पुढच्या बाजूवरची अक्षरंही पुसल्यावर स्पष्ट दिसली. जखमेचंच पदक होतं.

मला लाज वाटली. हे आडवळणाने सांगायची गरज नाही. हलगी कडाडत होती, लोक हळद उधळत होते, आणि मी देवीच्या गळ्याशी वाकून, स्वतःच्या बापाचं नाव भिंगातून परत वाचत होतो. मोबाइलवर फोटो काढले. गुरवाने नवा लाल धागा आणून पदक होतं तिथेच परत बांधलं. बाहेर पायरीवर अण्णा बसले होते. मी म्हटलं, नंबर जुळला.

"जुळनारच," ते म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत घराकडे निघाले.

आता बुक पाठवायचं होतं. मला वाटलं होतं इथे ते अडतील. चाळीस वर्षं हातचा न सोडलेला कागद. त्यांनी ट्रंक उघडून बुक काढलं, खताच्या पिशवीतल्या प्लास्टिकमध्ये तीन वेढे देऊन गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. जपून टाक, एवढंच म्हणाले. मी ते रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्यानंतर त्यांचा दर सोमवारी फोन यायचा. आलं का? नाही. फोन बंद.

सव्वीस जानेवारी आली आणि गेली. फलकाचं उद्घाटन झालं. पाहुणे दोन तास उशिरा आले आणि गटारीवरून उडी मारताना त्यांचा एक बूट आत गेला, ही एकच गोष्ट त्या कार्यक्रमात मनासारखी झाली. फलकावर अण्णांच्या नावापुढे दोन पदकं कोरलेली होती. त्यांना बारावी शाल मिळाली. भाषणात सांगण्यात आलं की हा फलक पुढच्या पिढ्यांना सत्याची साक्ष देईल.

बुक फेब्रुवारीच्या शेवटी परत आलं. दोन पदकांच्या खाली तिसरी ओळ, ताज्या शाईची, पदकावरच्या नंबरासकट, बाजूला सही आणि शिक्का. मी त्याच दिवशी गावी गेलो. आधी ग्रामपंचायतीत थांबून झेरॉक्स दिली. ग्रॅनाइटवर आता कोरता येत नाही, म्हणून त्यांनी पेंटर बोलावून तिसरं पदक पिवळ्या रंगात लिहून घ्यायचं कबूल केलं. पारावर बातमी माझ्या आधी पोहोचली होती. तिथे बसलेले म्हणाले, आम्हाला काय, आम्हाला पहिल्यापासूनच माहीत होतं. त्यांना काहीतरी कडक बोलावं असं फार मनात होतं. पण मीही त्यांच्यातलाच, एवढं कळण्याइतका मी शुद्धीवर होतो.

अण्णा घरामागे शेळ्यांना पाला टाकत होते. मी बुक उघडून ते पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पाहिलं नाही. मी विचारलं, चष्मा आणू का?

"मला कशाला? मी व्हतो की तिथं." त्यांनी हात धोतराला पुसले. "तू वाचलं का?"

हो म्हटलं.

"बराबर हाय ना समदं?"

बराबर आहे, म्हटलं.

"मंग ठेव तुझ्यापाशी. गावाचं मला काय न्हाई, गाव बोलतंच राह्यतं. तू बारका व्हता तव्हा एकदा मला इचारल्तं, अण्णा, बाभळीवरून पडले का लढाईत लागलं. मी म्हन्लं लढाईत. तू हसला." ते शेळीच्या तोंडापुढे फांदी धरून उभे राहिले. "तव्हापासून तुला दाखवायचं राह्यल्तं."

मला ते हसणं आठवत नाही. खूप प्रयत्न केला, अजून करतो. त्यांना मात्र ते पन्नास वर्षं आठवत होतं, आणि तेवढ्यासाठी या माणसाने आयुष्यभर जपलेला कागद हातचा सोडला, पोटच्या पोरासमोर पुरावा म्हणून. मी तिथे उभा होतो, बुक हातात. त्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. सकाळी जालन्याच्या पोस्टात पाकीट फोडल्यावर मी घाई केली नव्हती. खिडकीशेजारी उभं राहून, मोबाइलवरचा पदकाचा फोटो मोठा करून, त्यावरचा, देवीपुढे आधीच जुळलेला नंबर बुकातल्या नव्या नोंदीशी मी आधी तीनदा ताडून पाहिला होता.